खणात राहिलेला हुकूम

इर्मा सालो कोर्टात कारकून म्हणून लागली तेव्हा वीस वर्षांची होती. एकतीस वर्षांत तिच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, असं खाणींच्या त्या गावात सगळे म्हणत. तिच्या अनेक कामांत एक काम असं होतं: मनाच्या आजारासाठी कुणाला सक्तीनं दवाखान्यात पाठवायचा हुकूम न्यायाधीशांनी काढला, की त्या माणसाचं नाव सरकारी यादीत चढवायचं. बंदूक विकण्याआधी दुकानदार ती यादी तपासून घेतो. नाव निघालं तर विक्री नाही. यादीत आजार लिहिलेला नसतो, दुःखही नसतं. नुसतं नाव आणि जन्मतारीख.

त्या सप्टेंबरात लेनर्ड झुपानचा हुकूम तिच्या टेबलावर आला.

लेनर्ड शाळेत तिच्याच वर्गात होता. मोठा झाल्यावर खाणीत डंपर चालवायचा, हसायचा तर अख्खं उपाहारगृह वळून बघायचं. बायको कर्करोगानं गेली आणि तो आधी जेवण विसरला, मग बोलणं. एका सकाळी त्यानं बहिणीला, डॉलोरसला, शांतपणे सांगितलं की आपल्याला आता जगायचं नाही. डॉलोरसनं त्याच दिवशी त्याच्या घरातल्या बंदुका काढून नेल्या, विकून टाकल्या आणि कोर्टात अर्ज केला. सख्ख्या भावाविरुद्ध सही तिनं उभ्यानंच करायला घेतली. इर्मानंच तिला खुर्ची दिली होती.

हुकूम हाती आला त्याच दिवशी नाव यादीत जायला हवं होतं. इर्मानं तो सगळ्यांत शेवटी ठेवला, मग उद्यावर टाकला. शाळेतल्या लेनीचं, लेनर्डचं, नाव तिथं टंकायला बोटं धजेनात. असे सहा आठवडे गेले.

ऑक्टोबर संपता संपता लेनर्ड दवाखान्यातून सुटून स्वतःच तिच्या कोर्टातल्या खिडकीशी येऊन उभा राहिला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"कसा आहेस?" तिनं विचारलं.

"जेवतोय, झोपतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पास झालास." तो थोडा घुटमळला. "इर्मा, त्या यादीत गेलो का गं मी?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "अजून नाही."

"मग थांब की जरा. येत्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतोय. बापानं जंगलात बांधलेल्या त्या खोपटात चाळीस वर्षं जातोय मी. यंदा काय चुलीपाशी बटाटे सोलत बसू? सगळे विचारणार, तुझी बंदूक कुठंय. काय सांगू, वेडा ठरलोय म्हणून?"

"तुला वेडा कोण म्हणतंय?"

"तुझा कागद म्हणतोय."

तो गेल्यावर इर्मानं हुकूम खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

गावातल्या दुकानदारानं नियमाप्रमाणे यादी तपासली. पाच मिनिटांत होकार आला. लेनर्ड नवी रायफल घेऊन जंगलात गेला आणि दहा दिवसांनी गाल लालबुंद करून परतला. इर्माच्या दारात हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन आला. "तुझा वाटा," म्हणाला, आणि पूर्वीसारखा हसला. नियमाला जे जमलं नसतं ते आपण केलं, असं त्या दिवशी तिला वाटलं. हे वाटणं तिला पुढं फार जड गेलं.

डिसेंबरात तिनं कागद काढला. आता पाठवावा, तर उशीर का झाला हे कुणीतरी विचारणार. शिवाय रायफल काढून घ्यायला लेनर्डच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहणार. तिनं तो परत ठेवला.

मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ अजून जाड असताना, लेनर्डनं त्याच रायफलीनं स्वतःचा जीव घेतला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण गुंडाळलेला गोड पाव, होता. दुकानदार भेटेल त्याला सांगत होता, "मी तपासलं होतं हो. मी तपासलं होतं." डॉलोरस त्याच्याकडं बघत राहिली, मग इर्माकडं आली.

"हुकूम निघाला तेव्हा मी कोर्टात होते. मग त्याला बंदूक कशी मिळाली?"

"मी नाव पाठवलं नाही," इर्मा म्हणाली. "त्यानं थांब म्हटलं, आणि मी थांबले."

डॉलोरसनं हातातली बशी टेबलावर ठेवली आणि कोट घेऊन निघून गेली.

सोमवारी इर्मा न्यायाधीशांसमोर उभी राहिली. त्यांनी चष्मा काढला. "कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल."

"राहून गेलं नाही साहेब. मी ठेवला होता."

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. "मग तसं लिहून द्या," म्हणाले. तिनं लिहून दिलं. मे महिन्यात तिची नोकरी गेली. तिनं वकील केला नाही.

पण तिला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. माणूस बरा झाला की कोर्टात अर्ज करून बंदूक बाळगायचा आपला हक्क परत मागू शकतो. असे दोन अर्ज तिनं स्वतः टंकले होते, दोन्ही मंजूर झाले होते. लेनर्डला ती म्हणू शकली असती, यंदा बटाटे सोल, पुढच्या वर्षी आपण अर्ज करू, मी लिहून देते. खिडकीशी उभा होता तो, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघून तिला ते सुचलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात डॉलोरस तिला किराणा दुकानात भेटली. इर्मा बाजूला सरली, तर डॉलोरसनं तिची सामानाची ढकलगाडी अडवली.

"मला वाटलं होतं, तुझा राग येतो," ती म्हणाली. "पण लेनर्ड असा माझ्याकडं मागायला आला असता, तर मीही ठेवला असता तो कागद. म्हणून तुझं तोंड बघवत नाही मला."

डॉलोरसनं दुधाचा डबा उचलला, तारीख वाचली आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.