गिरणीवाल्या काकूंचं उद्याचं पीठ

“सुधाकर! ए सुधाकर! जीव द्यायचा इचार चाललाय का रं तुझ्या डोक्यात? हाय का न्हाई, एवढंच सांग!”

गिरणीवाल्या काकूंची ही आरोळी भर दुपारी, सोनपेठातल्या आमच्या गल्लीत, सुधाकरच्या बंद दारासमोर उठली आणि सगळी गल्ली जागच्या जागी थिजली. समोरच्या घरातला कुकर अर्धी शिट्टी टाकून गप्प झाला. पापड वाळत घालणाऱ्या बायकांचे हात हवेतच राहिले. बाजाराकडे निघालेली एक म्हैस वळून बघायला लागली. म्हशीचं मी थोडं वाढवून सांगतोय, पण कुकरबद्दल कुणाचीही शपथ घ्यायला तयार आहे.

सुधाकर माझा लहानपणापासूनचा दोस्त. लग्नांचे फोटो काढायचा. थोड्याच दिवसांपूर्वी त्याच्या बायकोनं, वैशालीनं, आपलं आयुष्य संपवलं होतं आणि तेव्हापासून त्याचं दार बंद होतं. आम्ही मित्र जायचो, बसायचो, क्रिकेटवर बोलायचो, निवडणुकीवर बोलायचो, सोयाबीनच्या भावावर तर इतकं बोललो की तेवढ्यात भाव दोनदा पडला. वैशालीचं नाव तेवढं कुणी काढत नव्हतं. आणि काकूंनी आता जे ओरडून विचारलं, ते तर आमच्या कुणाच्या जिभेवर यायची हिंमतच नव्हती. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल, अशी आमची पक्की समजूत. म्हणून मी काकूंना आवरायला माझ्या दुकानातून धावलो.

तेवढ्यात कडी वाजली. दाढी वाढलेला सुधाकर दारात उभा राहिला. मान खाली. म्हणाला, “हाय, काकू.”

“बरं झालं सांगितलंस. ज्वारीचा डबा घे आन् चल मपल्यासंगं.”

माझ्या चेहऱ्याचा रंग बघून काकू जाता जाता मला म्हणाल्या, “भोंग्या, असं कामून बगायलायस? मी तर त्याला हळूच इचारलं.”

थट्टा नाही. खरोखर त्यांना वाटत होतं की आपण दाराच्या फटीला तोंड लावून कुजबुजलो! जन्मभर पिठाच्या गिरणीत उभं राहून काकूंचे कान जवळजवळ गेले होते, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला तो बारीक कसा करायचा हे कळणार कुठून? काकूंनी गिरणीतून हाक मारली की गोदावरीच्या पलीकडे औत थांबायचं. एसटीचा एक ड्रायव्हर म्हणायचा, ह्या मावशींना पुढच्या सीटवर बसवलं तर हॉर्न काढून घरी ठेवता येईल. माझा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. म्हणून मी त्यांच्यासाठी भोंग्या. पण दोघांत खरा भोंगा कोण, हे बाजारात कुणालाही विचारा.

असल्या मरणाच्या घरी गेलात तर तिथं सगळे कुजबुजत असतात. बायका पदराआडून, पुरुष अंगणाच्या कोपऱ्यात. कुणी म्हणतं अटॅक आला, कुणी म्हणतं पाय घसरला. काकूंना कुजबुजताच येत नव्हतं. बस्स, देवानं म्हणा, गिरणीनं म्हणा, एवढीच एक सोय करून ठेवली होती.

वैशाली गेली त्या दिवसाचंच सांगतो. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, पहिला घास शेजारपाजारचे नाहीतर सोयरे घेऊन येतात. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. पण पोलीस येऊन गेलेल्या घरात घास न्यायला लोकांचे पाय उचलत नाहीत. नेलं तर आपलंही नाव कुठं लागेल, अशी भीती. माणसं आपापल्या उंबऱ्यावर घोटाळत होती. काकू टोपलंभर भाकरी आणि पिठलं घेऊन सरळ आत गेल्या. सुधाकरची आत्या गावाकडून आली होती, जुन्या वळणाची. टोपल्याकडे बघून तिनं हळूच शेजारणीला विचारलं, “ह्या कुणाच्या?” शेजारणीनं कानात सांगितलं. काकूंच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, हे गावाला ठाऊक. आत्यानं पदर सावरून पाट मागं सरकवला.

काकूंना ऐकू येत नसलं तरी सरकलेला पाट दिसत होता.

“आत्याबाई,” काकू म्हणाल्या आणि छतावरची कबुतरं उडाली, “ह्या घरात साल न् साल मपल्याच गिरणीचं पीठ शिजतंय. पीठ चालतंय आन् भाकर तेवढी चालत न्हाई व्हय? खा गपचिप. उपाशी माणसाला रडाया बी येत न्हाई.”

आत्यानं खाल्लं. दुसरी भाकरीही मागून घेतली, असं मी सांगतो तेव्हा आत्या भांडायला येते, म्हणून दीडच म्हणू.

मग काकू सुधाकरसमोर बसल्या. कसं झालं, का झालं, काही नाही. विचारलं, “वैशालीला काय आवडायचं रं?” आणि त्या घरात दिवसभरात पहिल्यांदा तिचं नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं. सुधाकर म्हणाला, “कैरीचा तक्कू.” आणि मग तो रडला. आम्ही मित्र घाबरून पाणी आणायला पळालो. काकू जागच्या हलल्या नाहीत.

तर त्या दुपारी सुधाकर डबा घेऊन त्यांच्या मागं गिरणीत गेला. आता ही गिरणी म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. जिल्ह्यातली सगळ्यात गुप्त जागा. कलेक्टर कचेरीतही एवढं गुपित राहत नसेल. कारण गिरणी चालू झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं शेजाऱ्याला कळत नाही. काकूंना मात्र कळायचं. आवाजात राहून राहून त्या ओठ वाचायला शिकल्या होत्या. ज्याला मनातलं काढायचं असेल त्यानं पोत्यावर बसायचं, गिरणी चालू, आणि बोलायचं. अट एकच. “तोंड वर करून बोल. व्हट दिसू दे.” रडणाऱ्या माणसाला मान वर करावीच लागायची.

पण गिरणी रिकामी चालवता येत नाही. वरून धान्य पडलं नाही तर दगडावर दगड घासतो आणि खराब होतो. म्हणून काकूंनी घरच्या ज्वारीचं एक पोतं कोपऱ्यात ठेवलेलं असायचं. कुणी हात हलवत आला, म्हणजे दळण नाही, फक्त दुःख, की काकू त्या पोत्यातली ज्वारी घालायच्या आणि त्याचं बोलून होईस्तोवर दळत बसायच्या. त्याच पिठाच्या भाकरी पुढच्या कुठल्यातरी घरी कडू घास म्हणून जायच्या.

सुधाकर काय बोलला? मला माहीत नाही. मी दळणाच्या निमित्तानं कान लावून बघितले, धंद्यातलं सगळं ज्ञान पणाला लावलं. ऐकू आली फक्त घरघर. एवढं दिसलं, की पुढच्या सोमवारी काकू त्याला एसटीत घालून परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंची आणि काकूंची जुनी गट्टी. बाई औषध द्यायच्या, काकू बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या आयाबापांजवळ बसायच्या. “गोळ्यातलं त्यांना कळतंय,” काकू म्हणायच्या, “मला नुसतं संगं बसाया येतंय.” तिथून आल्यावर त्यांनी हेल्पलाइनचा नंबर गिरणीच्या भिंतीवर लाल रंगानं लिहून घेतला. दळणाच्या दरापेक्षा मोठ्या आकड्यांत. काही गिऱ्हाइकं तोच दर समजून हादरली, ते वेगळं.

ह्या डॉक्टरीणबाईंनीच एकदा त्यांना परभणीच्या एका सभेत बोलायला बोलावलं. स्पीकर माझा होता. काकूंनी माइक हातात धरला, पहिलं वाक्य बोलल्या आणि मशीन धूर काढून बंद पडलं. बरं, धूर नाही, पण बंद पडलं. काही फरक पडला नाही. मागच्या भिंतीला टेकून झोपलेला साहेबही उठून बसला.

“मपलं पोरगं असंच गेलं,” काकू म्हणाल्या. “बाळू. शिकायला हितं परभणीतच होता. मी लोकायला सांगितलं करंट लागला. लय साल सांगितलं. त्याचं नाव घ्यायची बी चोरी झाली मला. त्या दिवशी मपल्या घरी कुणी घास आणला न्हाई. सांजच्याला मीच चूल पेटवली. मला बी जायचं होतं त्याच्या मागं. पर गिरणीत लोकायचे डबे लागलेले. म्हणलं, सकाळी ह्या लेकरायच्या भाकरी कशा व्हतील? म्हणून सकाळी गिरणी चालू केली. मंग दुसरे डबे आले.” मग म्हणाल्या, “आमच्यासारख्यायच्या घरी आलात तर ‘कामून केलं’ असं इचारू नका. ते आमाला बी ठावं न्हाई. आन् ज्याच्याबद्दल भ्या वाटतंय त्याला सरळ इचारा. इचारल्यानं कुणी मरत न्हाई. मला कुणी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

मी मशीनशी झटापट करत होतो. डोळ्यांत काही गेलं असेल.

काकूंची आणखी एक खोड होती, आणि तिच्यामुळं गावात त्यांची जाम बदनामी होती. सगळ्यांना पीठ लगेच मिळायचं, पण काही गिऱ्हाइकांना त्या अर्धंच दळून द्यायच्या. “बाकीचं राहिलं. उद्या ये.” का? लाइट आहे, पट्टा ठीक आहे, रांगेत कुणी नाही. उद्या ये म्हटलं की उद्या ये. सुधाकरचं तर दळण कधी पुरं झालंच नाही. तो एकटा माणूस, त्याला लागणार किती पीठ? तरी रोज उद्या. पावसाळा गेला, थंडी आली, ह्याचा डबा गिरणीतच. मी एकदा वैतागून विचारलं, “काकू, त्याच्याच दळणाला काय रोग झालाय?”

“कसला रोग?” त्या म्हणाल्या. “त्याला उद्या यावं लागतंय, एवढंच.”

त्यानंतर मी गिरणीत कोणाला उद्या बोलावलं जातं ते बघायला लागलो. नवरा सोडून गेलेली एक शिक्षिका. नापास झालेली एक पोरगी. भांडण करून गावातून निघालेला एक म्हातारा. सगळे कुरकुरत जायचे आणि उद्या यायचे.

सगळेच यायचे असं नाही. जिंतूरकडचा एक जावई इथं सासुरवाडीत राहत होता. तो आला नाही, त्याची बातमी आली. त्याचा डबा फळीवर तसाच राहिला. काकूंनी गिरणी बंद केली आणि दिवसभर पायरीवर बसून राहिल्या. मी शेजारी बसलो. “समदेच येत न्हाईत, भोंग्या,” एवढंच बोलल्या. मग उठल्या, त्याच डब्यातलं पीठ मळलं, भाकरी केल्या आणि त्याच्याच घरी घेऊन गेल्या. ह्या वेळी मागोमाग सुधाकर होता, पिठल्याचं पातेलं धरून. त्याच्यामागं गल्लीतल्या आणखी दोघी. पाय उचलायला लागले होते.

सुधाकर हळूहळू गिरणीतच रमला. आधी डबे उचलायचा, मग दगडाला टाकी लावायला शिकला. लग्नांचे फोटो पुन्हा काढायला लागला, पण सकाळचा वेळ गिरणीत. काकू त्याच्यावर ओरडायच्या आणि तो हसायचा. त्याचं हसू परत आलं तेव्हा मी गल्लीत फटाक्यांची माळ लावणार होतो. काकू म्हणाल्या, “फटाके कशाला? मी हाय की.”

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. साखर होती, वय होतं, दुपारी कलंडल्या त्या उठल्याच नाहीत. मंडप मी घातला. लाउडस्पीकर लावायला हात धजेना. त्यांच्यानंतर त्या अंगणात कुठल्या मशीननं तोंड उघडावं? त्यांच्या घरी कडू घास सुधाकरनं नेला. गल्लीतल्या घराघरातून इतक्या भाकरी आल्या की सोनपेठातल्या कुत्र्यांनी दोन दिवस दुसरीकडे जेवायला जायचं सोडलं.

थोड्या दिवसांनी गिरणी पुन्हा सुरू झाली. सुधाकरच चालवायला लागला. मी डबा घेऊन गेलो. आणि काय सांगू, त्या दिवशी मला बोलण्याची उबळच आली. म्हटलं, काकू वर पोचल्या, यमाच्या रेड्यावर अशा खेकसल्या की रेडा अजून सापडलेला नाही. म्हटलं, आता वरची सगळी मंडळी रांगेत उभी आहेत आणि काकू त्यांना पीठ उद्या न्या म्हणतायत. स्वतःच मोठमोठ्यानं हसलो. गिऱ्हाइकं हसली, आपापलं पीठ घेऊन निघून गेली. सुधाकरनं माझं दळण लावलं, गिरणी घरघरायला लागली, तरी मी बोलतच होतो. गल्लीत काकू गेल्यापासून कसं चुकल्यासारखं वाटतं, झोप कशी लागत नाही, मंडप घालताना हात कसे जड होतात, हेही त्या हसण्यातच कुठंतरी बोलून गेलो. पिठाच्या डब्याकडे बघत.

सुधाकरनं गिरणी बंद केली नाही. हातानंच हनुवटी वर करायची खूण केली. मी मान वर केली. तो माझ्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिला. मग गिरणी थांबवली, माझ्या अर्ध्याच दळलेल्या डब्यावर झाकण बसवलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.

“अरे, रांगेत कुत्रं नाही तुझ्या!” मी ओरडलो. “आत्ताच दे की दळून!”

“उद्या ये,” सुधाकर म्हणाला.