सासूबाईंची साक्ष

नवरा मला मारतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याच्यावर होता तितकाच माझा राग गल्लीच्या ‘चालायचंच’वर होता. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापुरात आमच्या वस्तीत बायका बिड्या वळून घर चालवायच्या आणि वर मारही खायच्या. त्या दिवशी त्यानं पानं कापायची कात्रीच हाणली. उजव्या हाताच्या दोन बोटांना टाके पडले. माझं पोट त्या बोटांवर होतं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पोलीस चौकी गाठली. हवालदार म्हणाला, “नवरा-बायकोचं हाय. घरी मिटवा की.”

“लिवून घ्या. त्याबिगर मी उठत न्हाय,” मी म्हणाले आणि ओट्यावर बसले.

थोड्या वेळानं शेजारणी आल्या. बिडीची पानं एकदा भिजवली की त्याच दिवशी वळावी लागतात, म्हणून सुपं घेऊनच आल्या. माझ्या वाटणीच्या बिड्याही त्याच वळत होत्या. तंबाखूच्या वासानं आतले साहेब शिंकून शिंकून बेजार झाले. हवालदार तासातासानं “जावा आता” म्हणायचा आणि तासातासानं बायका वाढायच्या.

शेवटी साहेबांनी नवऱ्याला बोलावलं. तो ऐटीत आला, सोबत स्वतःच्या आईला घेऊन. “हिलाच इचारा सायेब, मी मारलंय का ते.” सासूबाई लेकाविरुद्ध कधी अवाक्षरही बोलल्या नव्हत्या. संपलं सगळं, असं वाटून मला रडूच फुटलं.

सासूबाई टेबलापाशी गेल्या. “लिवा सायेब. ह्यानंच मारलं, माझ्यासमोर मारलं. ह्याचा बाप मला असाच मारायचा. तवा चौकी कुटं हाय, तेबी मला ठावं नव्हतं.”

साहेबांनी पेन उघडलं. सासूबाईंनी अंगठा उमटवला. नवरा “आई, अगं…” करत राहिला, तशा त्या वळल्या. “खोली माझ्या नावावर हाय. सुटलास तरी तितं पाय ठेवायचा न्हाय.”

त्याला आत बसवलं. बाहेर बायकांनी एकच गलका केला, आणि मी चौकी माझ्या बापाची असल्यासारखी पायऱ्या उतरले.

घरी येऊन आम्ही दोघी पोटभर जेवलो. मग मी दाराला आतून कडी लावली. इतकी वर्षं ती लावून उपयोगच नव्हता. मारणारा आतच असायचा.