शालनमावशीचे पाठकोरे

कोऱ्या पाठीचा कागद टोपलीत पडलेला दिसला की शालन मगदूमला बघवायचं नाही. इस्लामपुरातल्या त्या शिक्षणसंस्थेच्या कचेरीत ती अकरा वर्षं शिपाई. अधीक्षक मॅडमनासुद्धा सोडायची नाही. "आवं, पाठ कोरी हाय की त्याची!" म्हणून कागद उचलायची. असले पाठकोरे कागद ती आठवडाभर साठवी, शनिवारी थप्पी लावून सुरीनं चौथाई कापी, दाभणानं शिवी आणि प्रत्येक टेबलावर एक पॅड ठेवी. दोन्हीकडून भरलेले कागद पोत्यात, आणि पोती सांगलीच्या रद्दी-गोदामात. पाहुणे आले की सगळे तिचं कौतुक सांगत. कौतुकाला काय, फुकटच असतं ते!

त्या सोमवारी लालासाहेब यादव आले. संस्थेच्याच नदीकाठच्या एका शाळेत आयुष्यभर घंटा वाजवून नुकताच रिटायर झालेला माणूस. महापुरात शाळेतलं त्यांचं सेवापुस्तक चिखल होऊन गेलेलं, म्हणून पेन्शन अडकलेली. उरला होता तो एकच पुरावा, नोकरीला लागतानाचा, पिवळा पडलेला नेमणुकीचा हुकूम. पुरात तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाला बांधून माणूस बोटीत बसला होता. पंधरा दिवसांमागं तोच हुकूम त्यांनी क्लार्क भरतेशच्या हातात दिला होता, झेरॉक्स काढायला.

"भाऊसाहेब, माझा कागुद तेवढा द्या."

भरतेशनं ड्रॉवर उपसले, फायली उलट्यापालट्या केल्या. मग समोरच्या पॅडमधला एक पिवळा तुकडा त्यानं उलटून बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. "साहेबांच्या सहीला गेलाय, बुधवारी या," त्यानं ठोकून दिलं. म्हातारा नमस्कार करून गेला.

"मावशी, हे काय केलंय तुम्ही?"

झेरॉक्स काढू काढू म्हणत त्यानं हुकूम टेबलाच्या कडेला ठेवला होता, पाठकोऱ्यांच्या ट्रेवर. शालननं पाठ बघितली, पुढं काय टाइप केलंय ते बघितलंच नाही. एका कागदाचे चार तुकडे वेगवेगळ्या पॅडांत गेले होते. ती टेबलाटेबलावर धावली, लोकांच्या हातातली पॅडं ओढून घेतली. तीन तुकडे मिळाले. एकावर कुणाचा तरी मोबाइल नंबर, एकावर चहाचा हिशेब. चौथा, सही आणि गोल शिक्क्याचा, भरतेशनंच काहीतरी खरडून टोपलीत टाकलेला. आणि टोपलीचं पोतं शनिवारीच सांगलीला गेलं होतं.

मंगळवारी पहिल्या एसटीनं ती सांगली गाठून गोदामात उभी. मालक नको नको म्हणत असताना ती ढिगात शिरली. लग्नपत्रिका, वह्या, औषधांचे खोके. दुपार टळली, बोटं कापली, नाकातोंडात धूळ गेली. पिवळं काही दिसलं की झडप घालायची आणि हाती यायचा जुना दिवाळी अंक. शेवटी मालकालाच तिची दया आली. "बाई, कशाला जीव काढताय? शनिवारचा माल काल सकाळी कारखान्याला गेला. आत्तापर्यंत त्याचा लगदा झाला असंल."

तिथंच कागदांवर बसून ती मोठ्यानं रडली. देवा, ज्या हातानं कागुद वाचवले त्याच हातानं माणूस बुडवला!

बुधवारी सकाळी भरतेशनं तिला कपाटाआड घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, पण भ्यालेला होता. "पोच दिलेली नाही आपण. त्यांनी कागद दिलाच नव्हता म्हणायचं. तोंड उघडाल तर दोघंही घरी जाऊ."

शालनच्या घरात कमावतं माणूस ती एकटीच. रात्रभर तिनं तेच तर घोकलं होतं, गप बसायचं, गप बसायचं. पण लालासाहेब आले, चप्पल दाराबाहेर काढली, "काय मावशी, बरं हाय न्हवं?" म्हणाले, आणि तिला राहवलं नाही. पदरात बांधलेले तीन तुकडे तिनं त्यांच्यापुढं ठेवले.

"मी कापला वो. माझ्याच हातानं."

म्हाताऱ्यानं तुकडे जुळवले. उजवीकडं खाली खिंडार राहिलं. त्यावर बोट फिरवत ते म्हणाले, "सही हितंच हुती, व्हय?" मग खाली फरशीवर बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

शालननं रिममधला एक अख्खा कोरा कागद घेतला. लिहायची सवय नव्हती, अक्षर वाकडंतिकडं आलं. अख्खा हुकूम माझ्या हातात आला होता, तो खरा होता, तो मी कापला. खाली सही केली आणि थेट अधीक्षक संयोगिता मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी दोनदा वाचला. "हे लिहून तुम्ही स्वतःला अडकवताय, कळतंय ना?"

"कळतंय. शिक्का मारा त्याच्यावर."

ते तीन तुकडे आणि तिचा जबाब लावून लालासाहेबांची फाईल पुण्याला पेन्शनच्या कचेरीत गेली. जबाब तिथं चालेल की नाही, कुणी सांगेना.

दुसऱ्या सोमवारी भरतेशनं खाली मान घालून तिला निरोप दिला, उद्यापासून येऊ नका. शालननं डबा पिशवीत घातला.

"बरं. काढल्याचा कागुद तरी द्या मला."

भरतेश हळूच म्हणाला, "मावशी, कामावर घेतल्याचा तरी कुठं दिला होता?"