तांबड्या पाठीचा बेडूक

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. सर म्हणाले, "श्रावणात मुळशीला जंगलातला बेडूक बघायला जाऊ," आणि मी बावळटासारखी 'बघायला' हा शब्द धरून बसले.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. भुकूमला तेव्हा नुसती भातखाचरं होती. आता इमारतींच्या फटीतून डोंगर शोधावा लागतो. पौडला चहा घेतला, कारण पुढे काही मिळत नसे. धरणापुढचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना चुकून लागलेलं डांबर. तुम्ही पावसाळ्यात जाणार असाल तर रेनकोट घ्या. तिथला वारा छत्री उलटी करून हातात देतो.

उतरून तासभर चाललो तेव्हा एक वाडी लागली. तिथल्या भागाबाईंनी तांदळाची भाकरी आणि कुर्डूची भाजी वाढली, पैसे मात्र घेईनात. बेडकाचं विचारलं तर म्हणाल्या, "तांबडं व्हय? चला, झऱ्यावर हाय."

दाट झाडीतल्या ओल्या कपारीत तो बसला होता. पाठ विटेसारखी तांबडी, कुशी काळ्याभोर, पायांवर गडद पट्टे. वरचा ओठ पांढरा, दूध पिऊन तोंड न पुसलेल्या पोरासारखा. मी अक्षरशः हरखले. सरांनी त्याला अलगद मुठीत धरलं.

"बघून झालं की हितंच सोडा," भागाबाई म्हणाल्या. "आमी कुनी त्याला हात लावत न्हाई."

"सोडतो मावशी, शब्द देते."

त्या खाचराकडे वळल्या आणि सरांनी पिशवीतून फॉर्मेलिनची बरणी काढून त्याला आत टाकलं. बेडूक काचेवर पाय झाडत राहिला. मी ओरडले, "सर, मी शब्द दिलाय!"

"शास्त्राला नमुना लागतो, शब्द नव्हे."

नमुना म्हणे! प्रयोगशाळेच्या कपाटात अशा बरण्यांवर धूळ साचली होती, कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. परतताना खाचरातून भागाबाईंनी हाक मारली, "सोडलं का, पोरी?"

"हो हो, सोडलं," सरच बोलले. मी चिखलाकडे बघत चालत राहिले. चारची एसटी चुकली असती तर मुक्कामाची सोय नव्हती, म्हणून सर घाई करत होते.

पुण्याला आल्यावर काही आठवड्यांत फॉर्मेलिनमुळे बेडकाचा तांबडा रंग उतरला. सरांनी नोंदवही लिहायला मला बसवलं आणि बरणी उजेडात धरून सांगू लागले, "पाठ मळकट तपकिरी."

"तांबडी होती, सर. तुम्हीही पाहिलीत."

"समोर दिसतंय तेच लिहा. परीक्षा जवळ आली आहे ना तुमची?"

मी लिहिलं. खाली सही केली.

त्यानंतर मुळशीला कितीदा तरी गेले, पण त्या वाडीची वाट धरायची हिंमत झाली नाही. सरांना शिव्या घालून माझं भागत नाही. भागाबाईंशी खोटं ते बोलले. त्या बेडकाबद्दल कागदावर आहे ते खोटं माझ्या हातचं आहे.