हिरीबाईनं पाहिलेला दवाखाना

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात केनवडच्या आसपास पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली, तेव्हा हिरीबाई बाजारात होती. कोतवालानं दवंडी दिली ती तिनं स्वतः ऐकली. सरकारनं रस्त्याच्या कडेला पटकीचा दवाखाना उभा केला आहे, वर टिनाचं छप्पर आहे, खाटा आहेत, डॉक्टर आहे. रोगी घरात ठेवू नका.

आठवड्यातच तिच्या नवऱ्याला, खेमाला, उलट्या सुरू झाल्या. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, घरीच राहू दे, देवीला नवस बोल. हिरीबाईनं ऐकलं नाही. धाकटा दीर दौलतसिंग आणि तांड्यावरचे तिघे बाज खांद्यावर घेऊन चिखलातून निघाले. ती खेमाचं तोंड पदरानं झाकत बाजेसोबत पळत होती.

दवाखान्याच्या जागी नुसते खांब रोवलेले होते. वर आभाळ. खाली पाण्यात एक माळीण सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"कालपासून बसलो बाई," ती म्हणाली. "कोनी आलं नाही."

खेमाला बोलवत नव्हतं. "मले घरी ने," एवढंच तो म्हणाला. त्याला परत उचललं, पण तांडा दिसायच्या आधीच तो गेला. घरी असता तर निदान कोरड्यात मेला असता, हे हिरीबाईच्या मनातून कधी गेलं नाही.

दिवाळीनंतर कुणीतरी वर तक्रार केली. पटकीसाठी आलेला सरकारी पैसा सगळा खर्च झाला होता. तो कुठं गेला याची चौकशी लागली. चौकशीचे साहेब यायच्या आधी दवाखान्याचा ठेका घेतलेल्या पंजाबरावानं घाईघाईनं त्याच खांबांवर टिन चढवलं. मजुरांत दौलतसिंग होता.

साहेब आले तशी हिरीबाई पुढं झाली.

"बाई, छप्पर तर समोर दिसतंय," साहेब म्हणाले.

"सायेब, हे आत्ता झालं. तवा नुसते खांब होते. माह्या मानसाच्या तोंडावर पानी पडत होतं."

"आणखी कुणी पाहिलं?"

तिनं दिराकडं बोट केलं. "यानं बाज उचलली होती. अन् हे टिन बी यानंच ठोकलं. इचारा त्याले."

दौलतसिंगानं पंजाबरावाकडं पाहिलं, मग खाली. "आठवत नाही, सायेब. पाऊस लय होता."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला पाणी द्यायला सांगितलं. "दुःखात माणसाला काहीबाही वाटतं, बाई," असं समजावून ते मोटारीत बसले. चौकशी तिथंच मिटली. पुढच्या हंगामात त्या छपराखाली पंजाबरावाचा कापूस पडला होता.

"काहून बोलला नाही रे?" घरी परतताना हिरीबाईनं दिराला विचारलं. "तुहाच भाऊ होता ना?"

"वयनी, भाऊ तर गेला. मले पंजाबरावाकडंच काम हाय. लेकराईले काय खाऊ घालू?"

त्यानंतर दोघं एका तांड्यावर राहूनही बोलले नाहीत.

दोन वर्षांनी, भादव्यात, पटकीची लस टोचायला सरकारी माणसं आली. या वेळी औषध खरं होतं, सोबत एक नर्सबाई होती. हिरीबाईनं लेकीचा, पंचफुलाचा, हात धरला आणि ती ज्वारीत शिरली. "मी पाह्यला यांचा दवाखाना," ती जाता जाता ओरडली. तिच्यामागं अर्धा तांडा शिरला. दौलतसिंगही पोरीला, भुरीला, कडेवर घेऊन गेला. टिन कधी चढलं हे त्याला तर माहीतच होतं. नर्सबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून हाका मारत राहिली आणि शेवटी निघून गेली.

त्याच महिन्यात पटकी परत आली. पंचफुला वाचली. दौलतसिंगाची भुरी एका दिवसात गेली.

हिरीबाई त्याच्या दारी गेली. आतून बायकांचं रडणं येत होतं. दौलतसिंग भिंतीला टेकून बसला होता.

"मी ओरडले नसते तं..." ती म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. ती तशीच दाराबाहेर जमिनीवर बसली.