बियाला उरलेला तेरडा

निजामपुऱ्यातल्या येसूबाईंच्या फाटकाशी श्रावणात कुणी थांबलं, की त्या चहाचं मागाहून बघत, आधी तेरडा दाखवत. शेजारच्या गुजराती बायका त्याला गुलमेंदी म्हणत आणि कुंड्यांतून दुकानातली, जाड पाकळ्यांची रोपं लावत. येसूबाई त्यांना नाक मुरडत. त्यांचा तेरडा रानातला, एकेरी फुलाचा. गोरव्याला कारखाने नव्हते तेव्हा तिथल्या माळावरून सासूबाईंनी बी आणलं होतं आणि फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाफ्यात टाकलं होतं.

या घरची गौर म्हणजे मुखवटा नव्हे, तेरडाच. रोपं मुळासकट उपटायची, धुऊन जुडी बांधायची आणि त्या जुडीलाच साडी नेसवायची. नियम असा, की वाफ्यातली सगळ्यांत उंच, भरदार रोपं गौरीला. देवीला काय उरलंसुरलं द्यायचं? उरलंसुरलं बियाला. सासूमागे येसूबाईंनी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला.

माणसांनाही त्यांनी तोच नियम लावला, पण तसं कुणी म्हटलं असतं तर अंगावर धावून आल्या असत्या. थोरला सलील हुशार. म्हणून दूध त्याला, पंख्याखालची जागा त्याला, इंजिनिअरिंगही त्यालाच. येसूबाईंचे यजमान दत्ताजीराव गेले आणि धाकटा वरद बारावी होताच गोरव्याच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. पुढे अमेरिकेला कॉम्प्युटरवाली पोरं हवी झाली, सलील उडाला आणि घराला रविवारचा फोन तेवढा उरला. वरदनं घर चालवलं, आईचा मोतीबिंदू काढून आणला. पाहुणे आले की आई सलीलचे फोटो दाखवायची. वरदबद्दल काय, तर "हा इथंच असतो." अहो, एवढंच!

आणि त्या वर्षी सलीलनं कळवलं, गौरी-गणपतीला येतो. येसूबाईंनी सोसायटी डोक्यावर घेतली. नेमका त्याच वर्षी तेरडा वीतभर वाढून थांबला. तसा तो गेली कित्येक वर्षं उतरतच चालला होता, बाईंनी कानाडोळा केला होता. आता सगळं खापर वरदवर फुटलं. तुझ्या मोटारसायकलचा धूर, तुझं पाण्याकडे लक्ष नाही, तुझी बायको कपड्याचं पाणी इथंच ओतते.

वरदला वाघोडियाला चांगली नोकरी लागली होती. त्याची बायको कौमुदी तिथं घरही पाहून आली होती. इथून जाऊन-येऊनही जमलं असतं. आईनं एकदा 'राहा' म्हणावं, एवढ्यासाठी तो थांबला होता. ते सोडून तिच्या तोंडून हे ऐकल्यावर तो वाफ्यापाशी उकिडवा बसला आणि आवाज न चढवता म्हणाला, "आई, पाणी कमी नाही पडलं. चांगलं तेवढं तू दरवर्षी उपटून दिलंस. बियाला राहिलं ते खुजं. त्यातून उंच कुठून येणार?"

तो नुसता तेरड्याबद्दल बोलत नव्हता, हे न कळण्याइतक्या येसूबाई भोळ्या नव्हत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गौर आणायच्या आदल्या दिवशी सलीलचा फोन आला. सुट्टी मिळत नव्हती. येसूबाईंनी फोन ठेवला. वरद दारात बूट घालत बसला होता.

"तो येत नाही," त्या म्हणाल्या. "मग तू तरी राहा."

वरदनं नाडी बांधून पुरी केली. "तो येणार असता, तर म्हणाली असतीस का?"

येसूबाई वळून फोनवरचं फडकं सारखं करू लागल्या. 'हो' म्हणून खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं त्याला! नको तिथं मेला खरेपणा आडवा आला.

दुसऱ्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्यांनी खुजी रोपं गौरीला काढायला लावली आणि त्यातल्या त्यात उंच होती ती बियाला ठेवली. कौमुदी जुडी घेऊन उंबऱ्याशी आली. रीतीप्रमाणे येसूबाईंनी आतून विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी, कौमुदीनं मान खाली घालूनच सांगितलं. दसऱ्याला दारात टेम्पो लागला आणि सामान वाघोडियाला गेलं.

पुढच्या श्रावणात तेरडा गुडघ्याच्या वर गेला, फुलांनी लगडला. येसूबाईंनी वाघोडियाला निरोपावर निरोप धाडले. पण कौमुदीनं तिकडेच बाजारचे मुखवटे आणून गौर बसवायचं ठरवलं होतं.

विधवेनं गौर आणू नये म्हणतात. सगळे नियम पाळणाऱ्या बाईनं तोही मोडला. स्वतः रोपं उपटली, धुतली, जुडी छातीशी धरून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि सवयीनं थांबल्या, आतून कुणी विचारील म्हणून. कुणी विचारलं नाही. मग त्यांनी स्वतःच विचारलं, आत पाऊल टाकलं आणि रिकाम्या घराला सांगितलं, सोन्याच्या पावलांनी.