येऊन राहिले

विभागातल्या संगणकावर जो एआय बसवलाय, त्याला सगळे असिस्टंट म्हणतात. नोटीस असिस्टंट लिहितो, बैठकीचं इतिवृत्त असिस्टंट लिहितो, विद्यार्थ्यांच्या शिफारसपत्रांत 'मेहनती आणि जिज्ञासू' हे शब्द असिस्टंट घालतो. गेल्या वर्षी माझी बायको गेली, तेव्हा विभागाचा शोकप्रस्तावही त्यानेच लिहिला होता. मला कोणी सांगितलं नाही, ऐकतानाच कळलं. तिच्या बहुआयामी व्यक्तिमत्त्वाने आमची वाटचाल समृद्ध केली होती म्हणे. ती आमच्याच विभागात एका प्रकल्पावर काम करायची, सकाळी अकरा ते चार, आणि चहात आलं कमी पडलं की कॅन्टीनवाल्याला चार शब्द ऐकवायची. त्यातलं काही प्रस्तावात नव्हतं. मी उभं राहून तो ऐकला आणि सगळ्यांचे आभार मानले.

तिचा प्रकल्प होता इंदूरच्या मराठीचा. कारकून, मास्तर, रेल्वेतले आणि मिलमधले लोक म्हणून जी मराठी घरं इथे आली, त्यांतल्या म्हाताऱ्या बायकांशी ती गप्पा मारायची, त्या फोनवर रेकॉर्ड करायची आणि मग टाइप करायची. अशा एकतीस बायका झाल्या होत्या. ती स्वतः तसल्याच घरातली. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी आलेला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "थांबा जरा, मी येऊन राहिले." आमच्याकडे येऊन राहिले म्हणजे आले आणि मुक्काम केला. इथे त्याचा अर्थ, येते आहे. मी म्हणालो, "येते आहे म्हण."

"तुम्हाला समजलं ना? मग झालं."

तरी मी सांगतच राहिलो, कितीतरी वर्षं. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच करायची.

ती गेल्यावर टाइप केलेली फाइल माझ्याकडे आली. ती मराठी टायपिंग उशिरा शिकली होती. ऱ्हस्व-दीर्घाचा पार गोंधळ होता. विभागप्रमुखांनी सांगितलं, प्रकल्पाचा अहवाल शनिवारी जायचाय, एकदा नजर घाला. मी सोमवारी ती फाइल असिस्टंटला दिली आणि लिहिलं, 'शुद्धलेखन तपासून द्या.' मी पाण्याची बाटली भरून आणेपर्यंत सगळी पानं तपासून झाली होती. ती मी जुन्याच नावाने, जुन्या फाइलवर सेव्ह केली. हे माझ्याच हाताने झालं.

बुधवारी वाचायला बसलो. इथल्या, इंदूरच्या लालबागच्या बाजूला राहणाऱ्या एका काकूंची मुलाखत होती. त्यांचं बोलणं मला माहीत होतं, कारण बायकोने ते घरी जेवताना जसंच्या तसं सांगितलं होतं: "ते मिलमधून येऊन राहिले होते, मी दारात उभी होती." नवरा येताना तिला दिसत होता, आणि तिच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावरच तो कोसळला. घरी पोचलाच नाही. फाइलमध्ये आता असं होतं: 'ते मिलमधून येऊन येथे राहिले होते. मी दारात उभी होते.' त्याने त्या माणसाला घरी आणून ठेवलं होतं. पुढच्या वाक्यात तो मेला होता, पण त्याचं असिस्टंटला काही वाटलं नव्हतं.

मग मी बाकीची पानं पाहिली. करून राहिले, बघून राहिली, थकून राहिल्या, सगळं पुसलेलं. एकतीस बायका एकाच बाईसारख्या बोलत होत्या, आणि ती बाई बँकेच्या माहितीपत्रकासारखी.

मी त्याला चूक दाखवली. उत्तर आलं: 'आपले निरीक्षण अगदी अचूक आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपली इच्छा असल्यास मी मजकूर अस्सल बोलीत रूपांतरित करून देऊ शकतो.' त्याची ही क्षमा मला त्याच्या चुकांपेक्षा जास्त चीड आणते. तिच्यामागे कोणी नाही, आणि ती मागायला क्षणही लागत नाही. तरी मी हो म्हटलं. मग लालबागच्या काकू बोलू लागल्या: 'म्या दारात हुबी व्हते.' मिलमधल्या कारकुनाची, इस्त्रीचं पातळ नेसणारी ती बायको. मी खिडकी बंद केली. संगणकावरचीही आणि खोलीचीही.

विभागप्रमुख इंदूरचेच, माझ्याहून लहान. त्यांना सांगितलं.

"अहो सर, कोण वाचून राहिलंय हे? वर पीडीएफ उघडणार, पानं बघणार, बस."

"आत्ता तुम्ही 'वाचून राहिलंय' म्हणालात. त्याने ते ठेवलं नसतं."

ते हसले. "भिया, मी तर पक्का इंदुरी. पण रिपोर्टमध्ये असं थोडीच लिहितात?"

"हा रिपोर्ट त्या बोलीचाच आहे."

"ते ठीक आहे, पण शनिवार डोक्यावर आहे. एक तळटीप टाका ना, भाषा प्रमाण केली आहे म्हणून. असिस्टंटला सांगा, मस्त लिहून देईल."

"मग तिचं नाव काढा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनींचं नाव कसं काढणार? काम त्यांचं आहे."

"होतं. आता जे आहे, ते तिचं नाही."

"रेकॉर्डिंग असतील ना? तेच द्या त्याला. ऐकून लिहितो तो."

"नाही."

रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये होती. तो फोन मी चार्ज करत होतो, उघडत नव्हतो. गुरुवारी सकाळी ग्रंथालयात मागच्या टेबलावर बसलो, कानात इयरफोन घातले आणि लालबागच्या काकूंपासून सुरुवात केली. टाइप केलेल्या फाइलमध्ये फक्त उत्तरं होती. प्रश्न तिने गाळले होते; कामाचे नाहीत असं तिला वाटलं असावं. रेकॉर्डिंगमध्ये ते होते. काकू सांगता सांगता त्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबल्या. बराच वेळ पंख्याचा आवाज. मग तिचा: "काकू, थकून राहिल्या का? बंद करू?"

"नको गं. ऐकून राहिलीस ना तू?"

"ऐकून राहिले."

मी थांबवलं, खाली जाऊन तोंड धुऊन आलो आणि ते तसंच टाइप केलं. दोन दिवसांत अकरा मुलाखती झाल्या. एकेक वाक्य चार-चार वेळा ऐकावं लागलं. असिस्टंटने दोन मिनिटांत उरकलं असतं, हे मला माहीत आहे, आणि कोणी ते मला पुन्हा सांगू नये. बाकीच्या वीस मी अहवालातून काढल्या.

शनिवारी दुपारी विभागप्रमुखांनी पानं चाळली. "फारच पातळ झालं, सर. आणि हे प्रश्न कशाला घातले? प्रश्न आपल्या बाजूचे."

"तेही नमुनेच आहेत. बोलणारी इंदूरचीच होती."

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मग बारावा फॉर्म लागेल. प्रत्येक बोलणाऱ्याचा एक लागतो. असिस्टंट भरून..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

फॉर्म मी हाताने भरला. नावाच्या जागी तिचं नाव घातलं. वयाच्या रकान्यात, रेकॉर्डिंगच्या वेळचं, बावन्न. शिक्षण, मोहल्ला. इंदुरात केव्हापासून: जन्मापासून.